मुलांचा लेखन-क्लब, ब्रिटनची शाळा आणि अमेरिकेची शाळा: पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

आमचं बिऱ्हाड आधी इंग्लंडमध्ये होतं, मग न्यू जर्सीत आलं. थोरलीने बाराखडी मराठीत आणि एबीसीडी इंग्लंडच्या शाळेत गिरवली. धाकट्याची शाळा अमेरिकेतच सुरू झाली. दोन्हीकडे मी शाळेच्या लेखन-क्लबात मदतनीस म्हणून बसले. खुर्च्या मांडायच्या, पेन्सिलींना टोक करायचं आणि कोणी काही वाचून दाखवलं की ऐकायचं, एवढंच माझं काम. तेवढ्या भांडवलावर ओळखीतले लोक मला तज्ज्ञ समजू लागले. "अमुक महिन्यात बदली होतेय, मुलीला लिहायची आवड आहे, काय करू?" असे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

लेखन-क्लब म्हणजे निबंधाची शिकवणी का?

नाही. आपल्या डोक्यात 'लेखन' म्हटलं की 'मी मुख्यमंत्री झालो तर', 'माझा आवडता ऋतू' आणि शेवटी एखादं सुभाषित असं चित्र येतं. क्लबात विषय दिलेला असेलच असं नाही, गुण तर नसतातच आणि लिहिलेलं पूर्ण करण्याचीही सक्ती नसते. आपल्याकडची सगळ्यांत जवळची गोष्ट म्हणजे शाळेचं हस्तलिखित. ते करायला चार-पाच मुलं मधल्या सुट्टीत बाईंच्या टेबलाभोवती जमायची, एकाचं अक्षर चांगलं, दुसऱ्याची चित्रं चांगली, तिसरा नुसताच सूचना करणारा. तेच वर्षभर चाललं तर जे होईल, ते म्हणजे हा क्लब.

इंग्लंडचं 'इयर' आणि अमेरिकेचं 'ग्रेड' यांचा मेळ कसा घालायचा?

इयरमधून एक वजा करा. इंग्लंडमध्ये चार वर्षं पूर्ण झालेलं मूल 'रिसेप्शन'मध्ये जातं, पाच पूर्ण झालेलं इयर १ मध्ये. अमेरिकेत पाच वर्षांचं मूल किंडरगार्टनमध्ये असतं आणि ग्रेड १ सहाव्या वर्षी येते. म्हणजे इयर ६ बरोबर ग्रेड ५, आणि ढोबळ मानाने आपली पाचवी. इंग्लंडमध्ये १ सप्टेंबर ही तारीख पक्की. ३१ ऑगस्टला जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यांत लहान, १ सप्टेंबरचं सगळ्यांत मोठं. अमेरिकेत ही तारीख राज्यागणिक बदलते, काही ठिकाणी तर गावागणिक.

थोरली इयर ७ संपवून इकडे आली आणि नियमाप्रमाणे ग्रेड ७ मध्ये बसली. माझ्या आईने सांगलीहून फोनवर हळू आवाजात विचारलं, "नापास झाली का गं?" तिला आजही पुरतं पटलेलं नाही.

ब्रिटनमध्ये सगळीकडे एकच पद्धत असते ना?

नसते. मी इथे 'ब्रिटिश' म्हणते तेव्हा बहुतेक वेळा इंग्लंडच म्हणत असते, आणि एखादा स्कॉटिश माणूस ऐकत असेल तर त्याची आधीच माफी मागते. स्कॉटलंडमध्ये प्राथमिक सात वर्षं, माध्यमिक सहा. शाळा ऑगस्टच्या मध्यावर उघडते आणि जूनअखेरीस मिटते. तिथे जीसीएसई (इंग्लंडमधली सोळाव्या वर्षीची मोठी परीक्षा) नाही, 'नॅशनल ५' आणि 'हायर' या परीक्षा आहेत. नॅशनल ५ च्या इंग्रजीत आधी लिहून, सुधारून दिलेल्या लेखाचेही गुण धरतात, म्हणजे लिहिण्याच्या बाबतीत स्कॉटलंड इंग्लंडपेक्षा जरा मोकळं. वेल्सने २०२२ पासून स्वतःचा नवा अभ्यासक्रम आणला. उत्तर आयर्लंडचं आणखी वेगळंच. एडिंबरोला जाणाऱ्याने लंडनच्या चुलतभावाचा सल्ला घेऊ नये.

अमेरिकेत अभ्यासक्रम कोण ठरवतं?

राज्य ठरवतं आणि त्याखाली स्कूल डिस्ट्रिक्ट. असे सुमारे तेरा हजार डिस्ट्रिक्ट आहेत. पैशाचा मोठा वाटा स्थानिक घरपट्टीतून येतो, म्हणून भारतीय लोक घर घेण्याआधी शाळा बघतात. इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. तिकडे दोन गावांतल्या इयर ४ मध्ये साधारण तेच शिकवतात. अमेरिकेत २०१० मध्ये 'कॉमन कोअर' नावाची समान मानकं आली, बऱ्याच राज्यांनी घेतली, काहींनी नंतर नाव बदललं किंवा सोडून दिली. त्यात लेखनाचे तीन प्रकार धरले होते: मत मांडणं, माहिती देणं आणि गोष्ट सांगणं. नाव गेलं तरी हे तीन प्रकार बहुतेक शाळांच्या भिंतीवर चिकटलेले दिसतात.

जाता जाता, 'पब्लिक स्कूल' या शब्दाने घोळ होतो. अमेरिकेत ती सरकारी, बिनफीची शाळा. इंग्लंडमध्ये मात्र जुन्या, महागड्या खासगी शाळांना पब्लिक स्कूल म्हणतात, १४४० साली निघालेलं ईटन हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. सरकारी शाळेला तिकडे 'स्टेट स्कूल' म्हणायचं. बायोडेटात "पब्लिक स्कूलमध्ये शिकले" लिहिताना कोण वाचणार आहे ते बघा.

वर्गात लिहायला शिकवतात त्यात एवढा काय फरक?

माझ्या मते खरा फरक इथेच आहे, म्हणून इथे जरा वेळ घेते.

इंग्लंडमध्ये लेखन म्हणजे आधी वाक्याची कारागिरी. २०१३ पासून इयर ६ च्या मुलांना व्याकरण, विरामचिन्हं आणि स्पेलिंगची वेगळी राष्ट्रीय परीक्षा असते. त्यामुळे नऊ-दहा वर्षांचं मूल जेवताना 'फ्रंटेड ॲडव्हर्बियल' असा शब्द सहज उच्चारतं. म्हणजे काय, तर वाक्याच्या तोंडाशी आलेला 'कधी-कुठे-कसं' सांगणारा तुकडा आणि त्याच्यामागे स्वल्पविराम. 'काल संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो' यातलं 'काल संध्याकाळी'. मराठीत आपण असं बोलतो आणि पुढे जातो. तिकडे त्यावर तासभर चर्चा होते. इयर ६ च्या प्रत्यक्ष लेखनाची मात्र परीक्षा नसते, वर्षभराच्या वह्या पाहून शिक्षकच ठरवतात.

पहिल्या पालकसभेत थोरलीच्या वहीत समासात तीन डब्ल्यू दिसले. मला वाटलं मुलीला एखादी वेबसाइट बघायला सांगितली आहे. 'व्हॉट वेंट वेल', म्हणजे काय जमलं, त्याचं ते लघुरूप. त्याच्या खाली 'ईबीआय', म्हणजे काय केलं असतं तर आणखी बरं झालं असतं. मग मुलाने जांभळ्या पेनाने त्याच पानावर दुरुस्ती करायची. पद्धत चांगली आहे. पण तीन वर्षांनी थोरली एक गोष्ट लिहून उठली आणि मी विचारलं "कशी झाली?" तर म्हणाली, "यात चार विशेषणं आहेत आणि एक सेमिकोलन आहे." गोष्टीत मांजर हरवलं होतं. ते सापडलं का, हे सांगायचं तिला सुचलं नाही.

पुढे सोळाव्या वर्षी जीसीएसई. इंग्रजी भाषेच्या पहिल्या पेपरात एक वर्णन किंवा गोष्ट लिहायची असते. एक्यूए या मंडळाच्या पेपरात तिला ४० गुण: २४ आशय आणि मांडणीला, १६ शुद्धलेखन-व्याकरणाला. पाऊण तासात गोष्ट उभी करायची. इंग्रजीत आणि गणितात किमान ४ ही श्रेणी मिळाली नाही तर सोळानंतरही ते विषय सुटत नाहीत. म्हणून इयर १०-११ मधल्या मुलांचं गोष्ट लिहिणं परीक्षकाकडे एक डोळा ठेवून चालतं. 'क्रिएटिव्ह रायटिंग' हा वेगळा ए-लेव्हल (म्हणजे आपल्या बारावीसारख्या परीक्षेचा) विषय २०१३ मध्ये निघाला होता, थोड्याच वर्षांत गुंडाळला गेला. मला त्याचं वाईट वाटतं.

अमेरिकेत, निदान आम्ही पाहिलेल्या प्राथमिक शाळेत, सुरुवात वाक्यापासून होत नाही, आठवणीपासून होते. डोनाल्ड ग्रेव्ह्ज आणि लुसी कॅल्किन्स या शिक्षणतज्ज्ञांनी रुजवलेली 'रायटिंग वर्कशॉप' पद्धत गेल्या चाळीसेक वर्षांत इथे खूप पसरली. मुलाने लेखकासारखं वागायचं: सुचवायचं, कच्चं लिहायचं, मित्राला दाखवायचं, बदलायचं, मग 'प्रकाशित' करायचं. प्रकाशित म्हणजे रंगीत पुठ्ठ्याचं कव्हर घालून 'लेखकाच्या खुर्ची'त बसून वर्गाला वाचून दाखवायचं. धाकट्याने दुसरीत 'माझी भारताची सहल' अशी दोन पानं लिहिली: विमान, मुंबई, सांगली, आंबे, ताप, परत विमान. बाईंनी फाडून टाकली नाहीत, पण म्हणाल्या, "हे अख्खं टरबूज आहे. मला यातली एक बी दे." घरी येऊन तो रडला. मग त्याने आजी विळीवर बसून नारळ खवते आणि पहिली मूठ त्याच्या तळहातावर ठेवते, एवढंच लिहिलं. ते पान मी जपून ठेवलंय. त्यात स्पेलिंगच्या अकरा चुका आहेत आणि बाईंनी एकीलाही हात लावलेला नाही.

हे ऐकून इंग्लंडची माझी मैत्रीण म्हणते, "म्हणूनच तुमच्याकडे मोठ्या माणसांना अॅपॉस्ट्रॉफी कळत नाही." तिचंही खोटं नाही. शिवाय अमेरिकेतली ही मोकळीक फार टिकत नाही. माध्यमिकला गेलं की पाच परिच्छेदांचा निबंध येतो: एक ओळख, तीन मुद्दे, एक समारोप. तो आपल्या दहावीच्या निबंधाइतकाच साच्यातला असतो. फक्त सुभाषित नसतं.

क्लब प्रत्यक्षात चालतो कसा?

इंग्लंडमध्ये बहुधा जेवणाच्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर तासभर. चालवणारे इंग्रजीचे शिक्षक किंवा ग्रंथपाल. मुलं डबा उघडूनच बसतात, वहीवर काकडीच्या सँडविचचे डाग ठरलेले. शिक्षक एखादी वस्तू टेबलावर ठेवतात, गंजलेली किल्ली वगैरे, आणि दहा मिनिटं सगळे गप्प लिहितात. मग ज्याला वाटेल तो वाचतो. दिवसभर वाक्य तपासून लिहिणाऱ्या या मुलांना इथे चूक करायची मुभा असते आणि ती तिचा पुरेपूर फायदा घेतात. भुतं, रक्त आणि स्फोट यांचं प्रमाण प्रचंड.

अमेरिकेत हायस्कूलच्या क्लबाला अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार असतात. मला आधी हे हास्यास्पद वाटलं होतं: सात मुलांच्या क्लबात चार पदाधिकारी. पण क्लब मुलांचाच असतो, हे त्यामागचं तत्त्व. शिक्षक फक्त 'ॲडव्हायझर', कोपऱ्यात बसून वह्या तपासणारे. सप्टेंबरमध्ये क्लबांची जत्रा भरते, प्रत्येक क्लब टेबल मांडून गिऱ्हाईक बोलावतो, रोबोटिक्सवाले गर्दी खेचतात आणि लेखनवाले टेबलावर चॉकलेटं ठेवतात. इथली सभा म्हणजे मुख्यतः एकमेकांचं लिखाण वाचून बोलणं. वर्गात ती सवय लागलेली असते, म्हणून "मला तुझी ही ओळ आवडली, पण इथे मी हरवलो" असं बारा वर्षांची मुलं सहज म्हणतात. थोरलीला पहिल्यांदा असं कोणी म्हटलं तेव्हा ती महिनाभर गेली नाही. तिच्या मते आपल्या लिखाणावर बोलायचा हक्क फक्त बाईंना होता.

'रिव्हिजन' या शब्दावरून काय गोंधळ होतो म्हणे?

ब्रिटिश मुलाला 'रिव्हाइज' म्हणजे परीक्षेचा अभ्यास करणं, आपण भारतातही तेच म्हणतो. अमेरिकन मुलाला 'रिव्हाइज' म्हणजे लिहिलेलं पुन्हा घडवणं. क्लबाच्या पहिल्या दिवशी "पुढच्या आठवड्यापर्यंत कविता रिव्हाइज करून आण" असं सांगितल्यावर माझ्या मुलीने ती पाठ करून नेली होती.

स्पेलिंग कुठलं वापरायचं?

ज्या देशाची शाळा, त्या देशाचं. 'कलर'मधला यू ठेवायचा की काढायचा, हे मूल पंधरवड्यात शिकतं, त्याची काळजी नको. जास्त त्रास अवतरणचिन्हांचा होतो. ब्रिटिश पुस्तकांत संवादाला बहुधा एकेरी चिन्ह असतं, अमेरिकेत दुहेरी, आणि अमेरिकेत स्वल्पविराम चिन्हाच्या आत ढकलतात. वाक्याच्या शेवटच्या टिंबाला तिकडे 'फुल स्टॉप', इकडे 'पीरियड'. खोडरबराला इकडे वर्गात मोठ्याने 'रबर' म्हणू नये, हे मात्र मुलाला विमानात बसायच्या आधी सांगा. का, ते सांगायची गरज नाही.

शाळेचं मासिक किंवा वर्तमानपत्र म्हणजे क्लबच ना?

इंग्लंडमध्ये बहुधा हो, हौशी मुलांचं काम. अमेरिकेतल्या बऱ्याच हायस्कुलांत 'जर्नलिझम' किंवा 'इयरबुक' हा चक्क तासिकेतला विषय असतो, त्याचे क्रेडिट मिळतात. शालेय वर्तमानपत्रांची परंपरा जुनी आहे. कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेली शालेय पत्रकारितेची संघटना १९२५ पासून चालू आहे.

आणि इथे एक मुद्दा आपल्या पालकांना माहीत हवा. मिझुरी राज्यातल्या हेझलवुडच्या हायस्कूलच्या मुलांनी १९८३ मध्ये आपल्या 'स्पेक्ट्रम' या वर्तमानपत्रासाठी दोन लेख तयार केले: एक शाळकरी मुलींच्या गरोदरपणावर, दुसरा आईवडिलांच्या घटस्फोटाचा मुलांवर होणाऱ्या परिणामावर. मुख्याध्यापकांनी छापायला जाण्याआधी ती पानंच काढली. मुलं कोर्टात गेली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि १९८८ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी मुलं हरली. शाळेच्या अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या प्रकाशनात, शैक्षणिक कारण असेल तर, शाळा काटछाट करू शकते असं ठरलं. त्याआधी १९६९ मध्ये, व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळ्या फिती बांधणाऱ्या आयोवातल्या मुलांच्या बाजूने त्याच न्यायालयाने निकाल दिला होता. म्हणजे फीत बांधायला हरकत नाही, पण छापायचं असेल तर विचारावं लागेल. त्यावर उतारा म्हणून काही राज्यांनी 'न्यू व्हॉइसेस' नावाने ओळखले जाणारे कायदे करून विद्यार्थी-पत्रकारांना संरक्षण दिलं.

मला यातली हरजीत तितकी महत्त्वाची वाटत नाही. मुख्याध्यापकांनी दोन पानं काढली म्हणून शाळकरी मुलं सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकतात, हे मला सांगलीत वाढलेल्या बाईला अजून अजब वाटतं. आमच्या भित्तिपत्रकातला एक विनोद सरांनी खरवडून काढला तेव्हा आम्ही त्यांना सॉरी म्हणालो होतो.

कुठल्या स्पर्धा खऱ्या आणि कुठल्या पैसे उकळणाऱ्या?

एक साधी खूण: सगळ्यांनाच 'निवड झाली' असं पत्र येत असेल आणि पुस्तकाची प्रत विकत घ्यायला सांगत असतील, तर कागद रद्दीत टाका.

चांगल्यांपैकी मला आवडते ती बीबीसीची 'फाइव्ह हंड्रेड वर्ड्स'. २०११ मध्ये रेडिओ टूवर सुरू झाली, २०२० नंतर थांबली आणि २०२३ मध्ये परत आली. आता ५ ते ११ वयाच्या मुलांसाठी आहे, गोष्ट पाचशे शब्दांच्या आत. तिथे स्पेलिंग आणि व्याकरणाचे गुण कापत नाहीत. ज्या देशात इयर ६ ला व्याकरणाची राष्ट्रीय परीक्षा आहे, त्याच देशात मुलांची सगळ्यांत लाडकी स्पर्धा चुकांकडे बघत नाही, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. कविता लिहिणाऱ्यांसाठी पोएट्री सोसायटीची 'फॉइल यंग पोएट्स', वय ११ ते १७, प्रवेश विनाशुल्क आणि कुठल्याही देशातून. राष्ट्रकुलाची निबंध स्पर्धा १८८३ पासूनची, ती भारतातल्या मुलांनाही खुली आहे. नाशिकच्या भाच्यालाही सांगा.

अमेरिकेत सातवी ते बारावीसाठी 'स्कॉलॅस्टिक आर्ट अँड रायटिंग अवॉर्ड्स', १९२३ पासून. सिल्व्हिया प्लाथ आणि ट्रुमन कपोटी यांना शाळकरी वयात ते मिळाले होते. आधी प्रादेशिक पातळीवर 'गोल्ड की', 'सिल्व्हर की', मग राष्ट्रीय. 'स्पेलिंग बी' ही लेखनस्पर्धा नव्हे. आपल्या लोकांना तिचं वेड आहे आणि भारतीय वंशाची मुलं तिथे वर्षानुवर्षं जिंकतात, पण शब्दाची अक्षरं सांगता येणं आणि तो शब्द कुठे वापरू नये हे कळणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

नोव्हेंबरमध्ये कादंबरी लिहायची ती मोहीम अजून आहे का?

'नॅनोरायमो' ही संस्था २०२५ मध्ये बंद झाली. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात मोठ्यांसाठी महिन्यात पन्नास हजार शब्दांचं लक्ष्य होतं, मुलं आपलं लक्ष्य स्वतः ठरवायची. दोन्ही देशांतले क्लब अजून आपापल्या हिमतीवर नोव्हेंबर पाळतात. त्याला संस्था लागत नाही, भिंतीवर एक तक्ता पुरतो.

क्लबामुळे चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळतो का?

हा प्रश्न पहिल्या पाचांत येतो, मी मुद्दाम खाली ढकलला.

ब्रिटनमध्ये जवळजवळ नाही. तिथे विद्यापीठ विषय बघून प्रवेश देतं. साधारण तीन ए-लेव्हल विषय, त्यांच्या ग्रेड आणि यूकास या प्रवेशसंस्थेच्या अर्जातलं निवेदन. ते २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांत विभागलंय, एकूण मर्यादा चार हजार अक्षरांचीच आहे. गणिताला जाणाऱ्या मुलाने कविता लिहिल्या याचं तिथे फार कोणाला पडलेलं नाही.

अमेरिकेत अर्जावर दहा उपक्रम लिहायला जागा असते, प्रत्येकाला दीडशे अक्षरं. शिवाय साडेसहाशे शब्दांच्या आतला वैयक्तिक निबंध. क्लबाचं नाव त्या दहांत येतं, त्याने फार होत नाही. पण तो साडेसहाशे शब्दांचा निबंध म्हणजे तीच टरबुजातली बी. ज्या मुलाने चार वर्षं स्वतःबद्दल खरं लिहायचा सराव केलाय, त्याला तो सोपा जातो. आपली बरीच हुशार मुलं इथे अडकतात. त्यांना 'मी' या शब्दाने सुरू होणारं वाक्य उद्धटपणाचं वाटतं. सॅट परीक्षेतला निबंध २००५ मध्ये आला, २०१६ ला ऐच्छिक झाला आणि २०२१ ला गेला, त्यामुळे जुन्या गाइडांवर पैसे घालवू नका.

एवढ्यासाठीच मुलाला क्लबात घालत असाल, तर त्याला ते दोन आठवड्यांत कळेल आणि तो लिहायचं थांबवेल.

मी क्लबात मदत करू शकते का? इंग्रजी यथातथाच आहे.

जरूर. इंग्लंडमध्ये आधी डीबीएसची तपासणी होते, म्हणजे पोलिसी नोंदी बघतात. अमेरिकेतही पार्श्वभूमी तपासतात, काही ठिकाणी बोटांचे ठसे घेतात. वाईट वाटून घेऊ नका, मुख्याध्यापकांच्या बायकोलाही ते करावं लागतं.

यथातथा इंग्रजीचा फायदाच होतो. मुलं तुम्हाला समजावून सांगायला लागतात आणि सांगता सांगता त्यांना आपलीच गोष्ट कळते.

घरी मी थोडं सुधारून दिलं तर?

माझ्या वडिलांनी माझं चौथीतलं भाषण लिहून दिलं होतं, त्यात 'किंबहुना' तीनदा होतं. पकडली गेले. तुमचंही पकडलं जाईल.

पुण्या-मुंबईतल्या 'इंटरनॅशनल' शाळा ब्रिटिश की अमेरिकन?

आयजीसीएसई ही केंब्रिजची, १९८८ पासूनची, म्हणजे ब्रिटिश घराण्यातली. आयबीला (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) लोक अमेरिकन समजतात, पण ती १९६८ मध्ये जिनीव्हात जन्मली. आपली दहावी आणि तिकडची जीसीएसई साधारण एकाच वयात येतात. त्यामुळे राज्य मंडळाच्या मुलाला ब्रिटिश वेळापत्रक ओळखीचं वाटतं: मोठी परीक्षा, मग विषय निवडणं. अमेरिकेत सोळाव्या वर्षी असा उंबरठा नाही, दरवर्षीचे क्रेडिट साठत जातात आणि एखाद्या सत्रात आळस केला तर तोही साठतो.

मराठीत लिहू द्यावं का क्लबात?

विचारून बघा, बहुतेक ठिकाणी आनंदाने हो म्हणतात. इंग्लंडमध्ये बंगाली, पंजाबी, उर्दू, गुजरातीची जीसीएसई देता येते, मराठीची नाही. त्यामुळे मराठी लिहिण्याला शाळेकडून गुण मिळणार नाहीत हे गृहीत धरा. अमेरिकेत बारावीच्या दाखल्यावर द्विभाषिकतेचा शिक्का देण्याची पद्धत २०११ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली आणि पसरली. मराठीसाठी कसं करतात ते आपल्या डिस्ट्रिक्टला विचारावं. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळा उत्तर अमेरिकेत ठिकठिकाणी आहेत, लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ चं. 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन ठेवलेत, ते मोठ्याने वाचा.

थोरलीने इकडच्या क्लबात एकदा कवितेत 'हुरहुर' हा शब्द तसाच ठेवला. मुलांनी अर्थ विचारला. तिने तीन प्रयत्न केले आणि सोडून दिलं. त्यानंतर महिनाभर क्लबातली सगळी मुलं कुठल्याही भावनेला 'हुरहुर' म्हणत होती, गणिताच्या पेपरालासुद्धा.

शाळेबाहेर असे क्लब असतात का?

असतात, आणि त्यातल्या एकाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत २००२ मध्ये लेखक डेव्ह एगर्स आणि शिक्षिका निनिव्हे कॅलेगरी यांनी '८२६ व्हॅलेंसिया' हे मुलांचं लेखनकेंद्र काढलं. जागा भाड्याने घेतली तर कळलं, तिथे नियमाप्रमाणे दुकान असायलाच हवं. मग त्यांनी पुढच्या भागात समुद्री चाच्यांच्या सामानाचं दुकान थाटलं: डोळ्यावरची पट्टी, लाकडी पायासाठीचं सामान वगैरे. मागच्या भागात मुलं लिहीत बसतात. लंडनमध्ये २०१० ला त्याच धर्तीवर 'मिनिस्ट्री ऑफ स्टोरीज' निघालं, संस्थापकांत कादंबरीकार निक हॉर्नबी. तिथे पुढे राक्षसांसाठीचं किराणा दुकान आहे. इंग्लंडमधली 'फर्स्ट स्टोरी' ही संस्था सरकारी शाळांत लेखक पाठवते आणि मुलांचं लिखाण पुस्तकरूपात छापते. आपली शाळा त्यांच्या यादीत येते का, हे इंग्रजी विभागाच्या प्रमुखांना विचारा.

आमच्या शाळेत क्लबच नाही. आता?

इंग्लंडमध्ये ग्रंथपालांना गाठा. मुख्याध्यापकांपर्यंत अर्ज जायला सत्र उलटतं, ग्रंथपाल गुरुवारी दुपारी टेबल मोकळं करून देतात. मार्चच्या पहिल्या गुरुवारच्या सुमारास पुस्तक दिन असतो, मुलं पुस्तकातल्या पात्रांचे कपडे घालून येतात. क्लब सुरू करायला तो आठवडा चांगला, सगळे आधीच उत्साहात असतात.

अमेरिकेतल्या सरकारी हायस्कुलात मुलालाच पुढे करा. १९८४ च्या कायद्याप्रमाणे शाळेने अभ्यासाबाहेरच्या एका विद्यार्थी-क्लबाला जागा दिली, की विषय आवडला नाही म्हणून दुसऱ्याला नाकारता येत नाही. एक अर्ज, काही सह्या आणि हो म्हणणारे एक शिक्षक एवढं लागतं. त्यातले शिक्षक मिळवणंच अवघड, कारण त्यांना त्याचे पैसे मिळतातच असं नाही. थोरलीने रसायनशास्त्राच्या सरांना तयार केलं. पहिल्या सभेला चार मुलं आली, त्यातली दोन बाकरवडीसाठी. मी एक डबा दिला होता. पुढच्या मंगळवारी नऊ आली, म्हणून मी दोन दिले.